तीनदा रंधा मारलेलं दार

वाचनालयाच्या माडीवरचं दार तिसऱ्यांदा अडलं, तेव्हा मिस्त्रींनी कपाळावर हात मारला आणि सगळा दोष हवेला दिला.

"दमट हवा आहे बाई. लाकूड फुगतं. त्याला आपण काय करणार? झाड तोडलं तरी लाकडाची तहान काही जात नाही."

ग्रंथपाल बाई चष्मा कपाळावर चढवून बघत उभ्या होत्या. मिस्त्रींनी दार बिजागऱ्यांवरून उतरवलं, दोन स्टुलांवर आडवं टाकलं आणि वरच्या कडेवरून रंधा फिरवला. लाकडाच्या कुरळ्या साली जमिनीवर पडल्या. दार परत चढवलं, करंगळीनं ढकललं. ते मांजरीच्या पावलांनी जाऊन मिटलं.

"तुमच्या हातात जादू आहे, मिस्त्री," बाई म्हणाल्या.

मिस्त्री लाजले आणि खूशही झाले. स्तुती कुणाला कडू लागते? पण देवाला माणसाला जी खूण दाखवायची असते ती तो एकदा दाखवतो, दोनदा दाखवतो, तीनदा दाखवतो. आणि माणूस दर वेळी रंधा काढतो. ते दार त्या चौकटीत मिस्त्रींच्या आधीपासून सुखानं नांदत होतं. दमट हवा काय यंदाच आली होती? हा प्रश्न त्या सोमवारी मिस्त्रींच्या मनाला शिवला नाही. मनात जागाच नव्हती. मनात तेव्हा नुसते ठोकळे भरले होते. प्लास्टिकचे, रंगीत, एकात एक बसणारे, पोरांचे ठोकळे.

त्याची सुरुवात झाली मोडलेल्या पायापासून. वर्षाच्या आरंभी मिस्त्री शिडीवरून पडले. तेही वरच्या पायरीवरून नव्हे, सगळ्यात खालच्या! घोटा मोडला आणि सहा आठवडे खाट धरली. जन्मात कधी स्वस्थ न बसलेला माणूस. बायकोला सळो की पळो करून सोडलं. नळ ठिबकतोय, खिडकी करकरतेय, तू सुई चुकीच्या हातानं धरतेस. बायको घरीच शिवणकाम करायची. चार दिवस ऐकून घेतलं, पाचव्या दिवशी तिनं नणंदेला फोन केला. "ताई, तुमच्या भावाला काहीतरी द्या, नाहीतर मी त्यांचं तोंड शिवते."

ताई शाळेत शिकवायची. मिस्त्रींपेक्षा चार वर्षांनी मोठी, आणि ती चार वर्षं तिनं कधी विसरू दिली नव्हती. ती आली ती काखेत एक गंजका पत्र्याचा डबा घेऊनच.

"घे, छोट्या." पन्नाशी ओलांडलेल्या, अर्ध्या डोक्याला टक्कल पडलेल्या भावाला ती अजून छोट्याच म्हणायची. "छताकडे बघून उसासे टाकण्यापेक्षा हे बरं."

डबा उघडला आणि मिस्त्री उठून बसले. लाल, पिवळे, थोडे निळे. चाळीस वर्षं झाली होती. एका लाल ठोकळ्याच्या कोपऱ्यावर दातांचे व्रण होते.

"हे दात तुझे," ताई म्हणाली.

"माझे कशाला? तुला चावायची खोड."

"मला चावायची नाही, मनोऱ्यावर आणखी एक चढवायची खोड. ती मान्य आहे."

ते मात्र खरं. लहानपणी दोघं मिळून मनोरा रचायचे. एक वेळ अशी यायची, की छोट्याला बोटांतूनच कळायचं, आता पुरे. तो ओरडायचा, "ताई, हात काढ!" आणि ताई दर वेळी आणखी एक चढवायची, आणि दर वेळी मनोरा आडवा. मग रडारड, मग आईचे दोघांना धपाटे. ताईनं एकदाही त्याच्या सांगण्यावरून हात काढल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

पाय बरा झाला, पण ठोकळे सुटले नाहीत. मिस्त्री जुन्या बाजारातून पिशव्या भरभरून आणू लागले. रंगांनुसार बरण्या लागल्या. ठोकळ्यावर ठोकळा बसताना जो 'कट्' आवाज येतो, तो ऐकला की त्यांना दिवसाचं सार्थक वाटायचं. जन्मभर वाकड्या भिंती, फुगलेलं लाकूड आणि "चालतंय हो" म्हणणारी माणसं यांच्याशी झुंजलेल्या माणसाला इथे प्रत्येक गोष्ट जिथल्या तिथे बसत होती.

"लोक पन्नाशीनंतर देवाचं नाव घेतात," बायको म्हणायची, "आमच्याकडे ठोकळे घेतात."

"अगं, यातही तेच आहे. खालच्याचा आधार आहे म्हणून वरचा उभा."

"मग खालच्यानं पसारा आवरून ठेवावा. वरच्याला झाडू मारता येत नाही."

आणि मग ग्रंथपाल बाईंना कुठून तरी हे कळलं. वाचनालयाला पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत होती. शनिवारी समारंभ, शाळेची मुलं येणार, पाहुणे येणार. "मिस्त्री, आपलं वाचनालयच करा ठोकळ्यांचं," बाई म्हणाल्या. "आत सगळं दिसलं पाहिजे. माडी उचलली की खालचं दालन." त्यांनी कपाटातून इमारतीचा जुना नकाशा काढून दिला. कापडावर चिकटवलेला, घड्यांवर फाटलेला.

मिस्त्रींनी तीन महिने त्या नकाशाची पूजा केली म्हणा ना. त्यांचा एक नियम होता. जाड भिंत नकाशात दोन रेघांत जास्त अंतर ठेवून काढलेली असते, तिला दोन घुंड्यांच्या, म्हणजे ठोकळ्याच्या माथ्यावरच्या दोन उंचवट्यांच्या, रुंदीचे ठोकळे. नुसत्या आडोशाच्या भिंतीला एका घुंडीचे. असं करत करत ते खालच्या मजल्याच्या मधोमध आले. तिथे वाचनाची खोली आणि वर्तमानपत्रांची खोली यांच्यामधली भिंत होती, आणि ती नकाशात जाड होती. बाहेरच्या भिंतींइतकी जाड. तिच्या पोटात एक छोटा चौकोन काढून लिहिलं होतं, 'कपाट'.

मिस्त्रींच्या मनात पाल चुकचुकली. कारण ती भिंत आता नव्हती. चौदा महिन्यांपूर्वी ती पाडून एकच मोठं दालन केलं होतं. तेव्हा वाचनालयाचे सचिव म्हणाले होते, "इंजिनिअर बोलवायचा म्हणजे महिना गेला. आपले मिस्त्री आहेत की!" मिस्त्रींनी भिंतीवर बोटं वाजवली होती. पोकळ आवाज आला होता. "आडोशाची भिंत आहे," मिस्त्री म्हणाले होते. "पाडा बिनधास्त." पाडताना ते दोन दिवस गावाला गेले होते, परत आले तेव्हा राडारोडासुद्धा उचलला गेला होता.

आता नकाशात ते 'कपाट' दिसलं. भिंतीतलं जुनं कपाट, फळी ठोकून, गिलावा करून कधीतरी बंद केलेलं. पोकळ आवाज कशाचा आला होता? पण पाल चुकचुकली की आपण काय करतो? हुश् म्हणतो. मिस्त्री स्वतःशी म्हणाले, पडायचं असतं तर चौदा महिने कशाला थांबलं असतं? आणि त्यांनी दोन घुंड्यांची जाड भिंत, कपाटासकट, हौसेनं रचली.

*

शनिवारी सकाळी साडेनऊला ठोकळ्यांचं वाचनालय दालनाच्या मधोमध टेबलावर विराजमान झालं. बायकोनं त्याच्यासाठी निळं कापड शिवून आणलं होतं. ती ते कापड तिसऱ्यांदा झटकत होती.

"कुठून चुना सांडतोय कोण जाणे," ती पुटपुटली. "आत्ता झटकलं, आत्ता परत पांढरं."

दालन देखणं दिसत होतं. आदल्या दिवशी सचिवांनी जातीनं उभं राहून सगळा पसारा हलवला होता. भेट आलेल्या पुस्तकांची चाळीस खोकी खालून उचलून माडीवरच्या ग्रंथभांडारात नेऊन रचली होती. मोकळ्या जागी आता छोट्या सतरंज्या. शाळेची साठ मुलं साडेदहाला येणार होती, आणि त्यांना घेऊन येणार होती ताई.

सचिव आले, हात मागे बांधून छोट्या वाचनालयाभोवती फिरले. त्यांनी माडी उचलायला लावली. खालचा मजला बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"मिस्त्री, ही भिंत कशी काय? आता एकच दालन आहे ना? पाहुण्यांना दालन दाखवायचंय, आणि तुम्ही भिंत घालून ठेवलीत!"

"जुन्या नकाशाप्रमाणे—"

"जुनं ते सोनं घरी. काढा ती. दहा मिनिटांचं काम."

दहा मिनिटांचंही नव्हतं. मिस्त्रींनी बोटांनी ठोकळे सुटे केले, भिंत निघाली, कपाट निघालं. मग माडी परत वर ठेवली: चपट्या ठोकळ्यांची जमीन, तिच्यावरची मधली भिंत, त्या भिंतीतलं ग्रंथभांडाराचं दार, आणि भांडारातल्या पुस्तकांच्या मांडण्या. त्या मांडण्यांत मिस्त्रींनी पुस्तकं म्हणून एकेक करून हजारभर बारीक ठोकळे भरले होते. सचिव समाधानानं मान हलवून फीत बांधायला बाहेर गेले.

बायको वाकून माडीत डोकावली. तिला ते छोटं दार फार आवडायचं. नखभर उंचीचं, तपकिरी, खरंखुरं उघडमीट करणारं. तिनं सुईच्या टोकानं ते ढकललं.

"अहो, हे अडलं."

"काय?"

"दार. मघाशी उघडत होतं. आता हलतच नाही."

मिस्त्रींनी वाकून पाहिलं. वरच्या कडेला घासत होतं. त्यांनी खिशातून पॉलिश-कागदाचा तुकडा काढला, छोटं दार चिमटीत धरून उपसलं, आणि त्याची वरची कड घासायला घेतली. एकदा. दोनदा.

हात थांबला.

कागद तसाच बोटांत राहिला. दार तर तेच होतं, मघाचंच. दार फुगलं नव्हतं. प्लास्टिक कुठे फुगतं? त्यांनी मान तिरकी करून माडीची जमीन डोळ्यांच्या रेषेत आणली. खालची भिंत गेली होती, आणि तिच्याच डोक्यावर उभी असलेली मधली भिंत, दाराच्या चौकटीसकट, मांडण्यांसकट, केसभर खाली बसली होती. दार अडत नव्हतं. वरची चौकट त्याच्यावर उतरत होती.

सोमवारी रंधा. त्याआधी तीन आठवड्यांपूर्वी रंधा. त्याच्याआधी दोन महिन्यांपूर्वी रंधा. दर वेळी वरची कड. दर वेळी कडीच्या बाजूला.

मिस्त्रींनी हळूहळू मान वर केली. खऱ्या छताकडे. जिथे भिंत होती तिथे, बरोबर त्या ओळीत, एक बारीक काळी रेघ होती. गेल्या महिन्यात त्यांनीच ती चीर लांबी भरून बुजवली होती आणि वरून पांढरा रंग दिला होता. रेघ परत आली होती. आणि तिच्यातून, पिठाच्या चाळणीतून पडावी तशी, नजरेला दिसेल न दिसेल अशी पूड निळ्या कापडावर झरत होती.

"चुना," बायको म्हणाली.

"बाहेर जा," मिस्त्री म्हणाले.

"काय झालं?"

"अगं, बाहेर हो. कडेकडेनं. पळू नकोस, पाय आपटू नकोस. मागची मोठी शिडी आहे ना, ती बाहेर काढून ठेव." शिडी कशाला ते त्यांना स्वतःलाही अजून माहीत नव्हतं. पण तेवढ्यात माडीवरून आवाज आला, ठक्‌ ठक्‌ ठक्‌, आणि त्यामागून बाईंचा हसरा, वैतागलेला आवाज.

"अहो मिस्त्री! आहात का खाली? तुमच्या लाडक्या दारानं मला कोंडलंय! या रंधा घेऊन!"

मिस्त्री जिन्यावरून वर गेले, भिंतीला खेटून, चोराच्या पावलांनी. जिना बाहेरच्या भिंतीला धरून होता; तेवढा भरवसा नकाशा देत होता. माडीवरच्या सज्जात ते थबकले. दार बंद होतं, आणि चौकट उघड्या डोळ्यांनी दिसावी इतकी तिरकी झाली होती. दाराची वरची कड आणि चौकट यांच्यात कागद जायला जागा नव्हती. लाकडावर लाकूड असं रुतलं होतं की कडेला तंतू उभे राहिले होते.

आतून कडी खडखडली. "मी पहिलं नोंदणी-पुस्तक घ्यायला आले, मुलांना दाखवायला. पाच मिनिटांत हे असं घट्ट बसलं! जरा बाहेरून खांदा द्या, मी आतून ओढते."

"ओढू नका!"

आवाज इतका चढला की आतली कडी खडखडायची थांबली.

"बाई, ऐका. दाराला हात लावू नका. दार अडलेलं नाही. दारानं वरचं धरलंय." "खालची भिंत मी काढायला सांगितली, ती आधाराची होती. कालची चाळीस खोकी तुमच्या शेजारी आहेत. आता मला सांगा, तुम्ही उभ्या कुठे आहात?"

आतून बारीक आवाजात, "दारापाशी. खोक्यांच्या मधे."

"बाहेरच्या भिंतीकडे जायचं. खिडकीच्या. खोक्यांच्या पलीकडून, उजव्या हाताच्या कडेनं. भिंतीला पाठ लावून चाला. काही पडलं तरी वाकून उचलू नका."

पावलांचा आवाज दूर गेला. मग कुठेतरी भिंतीच्या आत, वाळलेली फांदी मोडावी तसा एक आवाज झाला. फार मोठा नव्हता. मिस्त्रींच्या तळपायांना तो कानांच्या आधी कळला.

"मिस्त्री," आतून बाई म्हणाल्या, "हे काय होतं?"

"काही नाही. चालत राहा." खोटं बोलायचं पाप लागत असेल तर लागो, ते मनात म्हणाले, त्याचा हिशेब नंतर. देवा, बाईंना खिडकीपर्यंत पोचव, मग माझं काय करायचं ते कर.

ते जिना उतरून अंगणात आले. फाटकातून मुलांची रांग आत येत होती. दोन-दोनच्या जोड्या, हात धरलेले, पुढे ताई. वेळेची पक्की, दहा मिनिटं लवकरच. सचिव हसतमुखानं दाराशी उभे राहून आत जाण्याची खूण करत होते. पहिल्या जोडीचा पाय पायरीवर होता.

"थांबवा! सचिव साहेब, कुणाला आत सोडू नका. छत खचतंय."

सचिवांचं हसू अर्धवट राहिलं. ते खालच्या आवाजात, दात आवळून म्हणाले, "मिस्त्री, पाहुणे पंधरा मिनिटांत येतायत. काय बोलताय?"

"मधली भिंत आधाराची होती. आत्ता ठोकळ्यांत काढली तेव्हा कळलं. दार अडलं."

"ठोकळ्यांत?" सचिवांनी डोळे मोठे केले. "खेळण्यातली भिंत काढली म्हणून इमारत पडणार? डोकं ठिकाणावर आहे का? चौदा महिने काही झालं नाही! आणि तेव्हा तुम्हीच म्हणालात, आडोशाची आहे म्हणून!"

"हो. मीच म्हणालो."

"मग?"

"मग मी चुकलो."

एवढे तीन शब्द. पण सव्वीस वर्षांच्या नोकरीत ते मिस्त्रींच्या तोंडून पहिल्यांदा बाहेर पडत होते, तेही भर अंगणात, साठ मुलांसमोर. सचिव क्षणभर गोंधळले, मग त्यांनी हात झटकला. "समारंभ झाल्यावर बघू. मुलांनो, चला, आत चला, सतरंज्यांवर बसायचं!"

पहिल्या जोडीनं पायरी चढली.

मिस्त्रींना समजावायला वेळ नव्हता. नकाशा, कपाट, रंधा, रेघ, हे सगळं सांगायला एक घटका लागली असती. त्यांनी ताईकडे पाहिलं. ताईचा हात पहिल्या मुलीच्या पाठीवर होता, पुढे ढकलण्याच्या बेतात. त्यांच्या तोंडून जे निघालं ते त्यांनी चाळीस वर्षांत उच्चारलं नव्हतं.

"ताई, हात काढ!"

ताईनं भावाच्या तोंडाकडे पाहिलं. काय पाहिलं तिनं, देव जाणे. सचिव बोलतच होते. तिनं मुलीच्या पाठीवरचा हात काढला, तिच्याच खांद्याला धरून तिला वळवलं, आणि वर्गात वापरायच्या त्या आवाजात म्हणाली, "पाठी फिर! जोड्या तशाच. फाटकाबाहेर, रस्त्यापलीकडच्या झाडाखाली. जो बोलेल तो शेवटी." रांग अळीसारखी वळली. एक प्रश्न नाही, एक "का" नाही.

"अहो बाई, कार्यक्रम!" सचिव ओरडले.

"तो म्हणतो हात काढ, तर काढायचा," ताई जाता जाता म्हणाली. "मी आजवर काढला नाही, आणि दर वेळी पडलं."

मिस्त्रींची बायको एव्हाना शिडी फरपटत खिडकीखाली घेऊन आली होती. वर खिडकीत बाईंचा चेहरा दिसला, पांढराफटक, आणि छातीशी ते जाडजूड नोंदणी-पुस्तक.

"या वयात मी खिडकीतून उतरायचं?"

"या वयात छत अंगावर घेण्यापेक्षा बरं," मिस्त्री म्हणाले आणि शिडी चढू लागले. खालच्या पायरीवर पाय ठेवताना मोडलेल्या घोट्यातून कळ आली. बायकोनं दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली. आणि मग, आश्चर्य म्हणा, दुसऱ्या बाजूनं सचिवांनीही धरली. त्यांनी आत डोकावूनही पाहिलं नव्हतं. पण भिंतीतला तो दुसरा 'कट्' त्यांना ऐकू आला होता. या वेळी तो अंगणातसुद्धा ऐकू आला.

"आधी पुस्तक घ्या," बाई म्हणाल्या.

"आधी तुम्ही."

"पंच्याहत्तर वर्षांचं आहे हो ते!"

"तुम्ही अठ्ठावन्नच्या आहात, तुमची अजून बरीच पानं कोरी आहेत. पाय बाहेर टाका. इकडे नाही, माझ्या हातावर. हं."

बाई पायरी-पायरीनं उतरल्या. पुस्तक काही सोडलं नाही. शेवटच्या पायरीवर मिस्त्री म्हणाले, "इथे सांभाळा, ही पायरी वाईट आहे," आणि बाईंना हसू फुटलं, मग हसता हसता त्या अंगणातच बसल्या आणि रडू लागल्या. मिस्त्रींच्या बायकोनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं.

अकरा वाजून सहा मिनिटांनी दालनातलं छत मधोमध फुटलं. सगळं नाही; भिंतीच्या ओळीतला एक पट्टा, दोन माणसांच्या लांबीचा. गिलावा, विटा आणि त्यांच्या पाठोपाठ तीन-चार खोकी खाली आली, बरोबर सतरंज्यांवर. धूळ दारातून बाहेर लोटली. रस्त्यापलीकडे झाडाखाली साठ मुलांनी एकदम "ओऽ" केलं. सचिवांच्या हातात कात्री होती, फीत कापायची. ती त्यांनी खिशात घातली आणि बराच वेळ तो हात बाहेर काढला नाही.

*

इंजिनिअर दुपारी आला. त्यानं टेकू लावले, मोजमापं घेतली. मिस्त्रींनी त्याला तीन वेळा रंधा मारल्याचं सांगितलं, लांबी भरल्याचं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही.

"दारानं भिंत धरली, असं मी कागदावर लिहिणार नाही," तो म्हणाला. "दारं भिंती धरत नाहीत." मग चौकटीवरून बोट फिरवून, जरा थांबून म्हणाला, "पण सकाळी चौथ्यांदा रंधा मारला असतात, तर तुम्ही कुठे उभे असता त्याचा विचार करा."

मिस्त्री तो विचार अजूनही करतात.

त्यांनी कमिटीला लेखी दिलं: भिंत मी आडोशाची म्हणालो, बुजवलेल्या कपाटावर वाजवून म्हणालो, चूक माझी. सचिवांनी ते पत्र दोनदा वाचलं. "नोटीस तर तुम्हाला द्यावीच लागेल, मिस्त्री," ते म्हणाले. मग मान खाली घालून त्यांनी त्याच पत्राखाली एक ओळ लिहिली: इंजिनिअरला बोलावू नका असं मी म्हणालो होतो. आणि सही केली.

भिंत परत बांधली गेली. जाड, नकाशाप्रमाणे. माडी जॅकवर घेऊन मुंगीच्या पावलानं वर उचलली, तेव्हा मिस्त्री सज्जात उभे होते. दाराचा रुतलेला माथा हळूच सुटला. दार आपोआप उघडलं, कुणी न ढकलता. पुन्हा मिटवलं तेव्हा वरच्या कडेला फट दिसली. कडीच्या बाजूला अंगठाभर, बिजागरीकडे निमुळती होत गेलेली. तीन रंध्यांची फट. तिच्यातून ग्रंथभांडारातला उजेड पाचरीसारखा बाहेर पडत होता.

बाई चष्मा कपाळावर चढवून आल्या. "मिस्त्री, तेवढी एक पट्टी ठोकून टाका की. तुमच्या हाताला काय अवघड?"

"नको बाई," मिस्त्री म्हणाले. "तेवढी फट राहू द्या."

बाईंनी फटीकडे पाहिलं, मिस्त्रींकडे पाहिलं, आणि पट्टीचा विषय परत काढला नाही.

विटांखाली सापडलेले ठोकळे मिस्त्रींनी दोन बादल्या भरून घरी नेले, कोमट पाण्यात धुतले, फडक्यावर वाळत घातले. ताई मदतीला येऊन बसली. एक लाल ठोकळा उचलून तिनं डोळ्यांजवळ धरला.

"दात तुझेच आहेत," ती म्हणाली.

"माझेच," मिस्त्री म्हणाले, आणि खालच्या मजल्याची मधली भिंत रचायला घेतली. दोन घुंड्यांची.